कॅरेज ढकलणारा डावा हात

येरवड्याच्या त्या कॉम्प्युटर क्लासात एका मशिनवर दोघांना बसवायचे. माझ्या वाट्याला एक टायपिस्ट बाई आल्या. त्यांच्या सरकारी कचेरीत कॉम्प्युटर येणार होता. डॉसची, म्हणजे कमांड टाइप करून कॉम्प्युटर चालवायची, परीक्षा पास झाल्या नाहीत, तर त्यांची रवानगी आवक-जावकच्या टेबलावर होणार होती.

मी विशीतला, तरी एकेक कळ शोधत बसायचो. बाई कीबोर्डकडे न बघता कमांड मारून मोकळ्या व्हायच्या. घोळ पुढे व्हायचा. ओळ संपली, की तीस वर्षांच्या सवयीनं त्यांचा डावा हात टाइपरायटरची कॅरेज ढकलायला उठायचा आणि मॉनिटरला फाडकन चापट बसायची. मग "अगंबाई!" म्हणत त्या एंटर दाबायच्या. मी डावीकडे बसायचो, त्यामुळे माझा चष्माही दोनदा उडाला.

परीक्षेत एका डिरेक्टरीतल्या सगळ्या फायली पुसायच्या होत्या. बाईंनी कमांड दिली, चापट मारली, एंटर दाबलं. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न उमटला: नक्की पुसू? वाय की एन?

बाई थबकल्या. "अरे, हा मला विचारतोय!" त्या हरखून म्हणाल्या. "साहेबांनी कागद पुढे टाकला, की टाइप करायचा. तीस वर्षांत असं कुणी विचारलं नाही बघ."

आणि त्यांनी ठसक्यात एन दाबलं.

सर धावत आले. "अहो बाई, वाय दाबायचं होतं!"

"दाबते हो," पदर सावरत बाई म्हणाल्या. "आधी एकदा नाही म्हणून बघितलं."