पायरीसाठी प्रार्थना

सोलापुरातल्या आमच्या चर्चची तिसरी पायरी चार महिने डुगडुगत होती आणि चार महिने आम्ही तिच्यासाठी प्रार्थना करत होतो. हे लिहितानाही मला संताप येतो.

आमच्याकडे दाराशेजारी एक फळा आहे. त्यावर आठवड्याचे प्रार्थनेचे विषय लिहितात आणि रविवारी मंडळी ते एकेक करून देवापुढं मांडतात. आजारी माणसं, दहावीची पोरं, कुणाची बदली. पायरीवरची शहाबादी फरशी निसटली तेव्हा कमिटीत कुणीतरी म्हणालं, "विषय प्रार्थनेत ठेवू या." सगळे आमेन म्हणाले. मग चहा आला. गवंड्याला सांगायचं कुणी, हे काही ठरलं नाही. विषय फळ्यावर चढला की आमची जबाबदारी संपली!

जाणती माणसं ती पायरी ओलांडून जायची. मीही तेच करायचो. आईला डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण ती माझा हात धरून चढायची, त्यामुळं निभावत होतं. त्या रविवारी मी स्कूटर लावायला गेलो आणि ती एकटीच पुढं झाली. मी धावत पोचलो तेव्हा ती फरशीसकट खाली आली होती. बायबलची पिशवी हातातच होती. खुबा मोडला होता.

ऑपरेशन झाल्यावर आमच्या चर्चचे पाळकसाहेब दवाखान्यात आले. माणूस वाईट नाही, पण कुठं काय बोलावं हे त्यांना कळत नाही. आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "प्रभूच्या परवानगीशिवाय काही घडत नाही. यातही त्याची योजना असेल."

माझं डोकंच फिरलं. "योजना त्याची असेल हो, पण आपली कुठं होती? चार महिने एक फरशी बसवता आली नाही आपल्याला!"

"आपण प्रार्थना तर करत होतो की," ते म्हणाले.

"मग काय देव येऊन सिमेंट कालवणार होता?"

शेजारच्या खाटांवरची माणसं बघायला लागली. पाळकसाहेबांचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी आणखी बोलणार होतो, तेवढ्यात आई बोलली.

"त्यास्नी कशाला वरडतोस? त्या फळ्यावर अक्षर कुनाचं हाय?"

अक्षर माझं होतं. मी शाळामास्तर, म्हणून फळा माझ्याकडे. दर शनिवारी संध्याकाळी त्याच पायरीवरून उडी मारून आत जायचं आणि वळणदार अक्षरात 'पायरीची दुरुस्ती' लिहायचं. सोळा-सतरा वेळा तरी लिहिलं असेल. एकदा तर खाली रंगीत खडूनं रेघही ओढली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घमेलंभर वाळू आणि थोडं सिमेंट घेऊन मी एकटाच गेलो. फरशी बसवायला अर्धा तास लागला. शेवटी मी थापी फेकून दिली आणि त्या पायरीशेजारी बसून स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या, चर्चच्या दारात.

आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मी पडले ती देवाच्याच हातात पडले. त्याच्या हातातनं कोन कुटं जातंय? पर फरशी तुमच्या हातात दिली हुती त्यानं."

आता ती घरी आहे. पुन्हा चालेल का, डॉक्टर नक्की सांगत नाहीत. पायरी चढून आपल्या बाकावर बसायचं, एवढंच तिला हवं आहे. दिवसातून दोनदा पाय वर-खाली करायचा व्यायाम दिला आहे. तिला फार दुखतं, मला बघवत नाही, म्हणून मी टाळाटाळ करतो.

काल शनिवार. मी चपला घालत म्हणालो, "आई, फळ्यावर तुझ्या पायाचा विषय लिहून येतो."

"लिव की. म्या बी मागतीया त्याच्यापाशी रोज," ती म्हणाली. "पर सकाळचा व्यायाम ऱ्हायलाय."

मी चपला काढल्या. तिचा पाय दोन्ही हातांनी उचलला. ती कळवळून ओरडली, आणि मी हात सैल सोडला.

"सोडू नगंस," ती म्हणाली. "अजून वर घे."