बापाचं काम

नानांच्या पुतण्याचा, सुभाषचा फोन आला तेव्हा मी मटकी निवडत बसले होते. "ताई, नाना गेले," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "कधी?" तर म्हणाला, "सकाळी. चहा मागितला, मी टाकायला उठलो, तवर..." फोन ठेवला आणि मटकी निवडून पुरी केली. हात थांबेचनात. रडू आलं ते संध्याकाळी, तेही कशावरून, तर टीव्हीवरच्या मालिकेत एक बाप मुलीसाठी हंबरडा फोडत होता आणि मी एकटीच त्याला म्हणाले, अरे बाबा, एवढं काय ओरडतोस, आमचे नाना बघायला हवे होतेस! म्हटलं आणि मग कितीतरी वेळ डोळे पुसत बसले.

नाना माझे कुणीच लागत नव्हते. श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीपासून चालत तासाभरावर त्यांचं गाव. नाव रंगनाथ, सगळे रंगूनाना म्हणायचे. थोरल्या भावाबरोबर थोडी शेती, दोन म्हशी, आणि वर्षातून एकदा जत्रेचं नाटक. मी त्या गावात पहिल्यांदा गेले तेव्हा नाना चाळिशीला टेकले होते आणि सलग चौदा वर्षं जत्रेच्या नाटकात बाईचं काम करत होते. मी नगरची. वडील लहानपणीच गेले, आई लोकांची शिवणं शिवायची, मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली. आमच्या गल्लीत एक ड्रेपरीवाले होते, गावोगावच्या नाटकांना पडदे, कोट, फेटे, तलवारी भाड्यानं द्यायचे. तेव्हा गावांत नवीनच टूम निघाली होती, बाईच्या कामाला बाईच आणायची. शेजारच्या गावानं आणली की आपणही आणायची, नाहीतर नाक कापलं गेलं. ड्रेपरीवाल्यांनी आईला विचारलं आणि मी पडद्यांच्या गाठोड्यांबरोबर एसटीनं गावोगाव हिंडू लागले. काम यथातथाच करायचे, पण मी बाई होते. तेवढं पुरत असे.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची ती चैतातली जत्रा. शाळेच्या खोलीत तालमी चालल्या होत्या. नाटक गावातल्याच गुरुजींनी लिहिलेलं, गोष्ट साधी. सासरच्यांनी हाकलून दिलेली मुलगी माहेरच्या दारात येते, भावकी म्हणते परत धाड, आणि बाप सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला घरात घेतो. मुलगी मी. पहिल्या संध्याकाळी एक सडपातळ, गोरे, केस मानेपर्यंत वाढवलेले गृहस्थ दाराशी येऊन बसले. बसले तेही दोन्ही पाय एका बाजूला घेऊन. मला कुणीतरी कानात सांगितलं, आजवर बाईचं काम हेच करायचे. नाना कसे होते ते सांगायला तेव्हा एकच शब्द होता आणि तो शिवी होता, मी इथं लिहिणार नाही. आता बरे शब्द निघालेत, माझ्या नातीनं मला दोन-तीन शिकवलेत. पण नानांनी स्वतःला कुठलाच लावून घेतला नाही, म्हणून मीही लावत नाही. एक मात्र सांगते. भावानं त्यांना एकदा बळंच मुलगी बघायला नेलं होतं. नानांनी मुलीच्या बापाला गोठ्यामागं नेलं आणि सांगितलं, पोरीचं वाटोळं करू नका, मी त्यातला न्हाई. चहा घेऊन परत आले. त्यानंतर भावानं पुन्हा नाव काढलं नाही.

तर त्या संध्याकाळी वाचन संपल्यावर नाना उठले आणि जत्रा कमिटीच्या आबांना म्हणाले, "आबा, बाईच्या कामाला बाई आनली, बेस केलं. मंग मला बापाचं काम द्या."

खोली हसली. आबा हसले नाहीत, तसे भले गृहस्थ. म्हणाले, "रंगू, तुला बाप म्हून कोन बघंल? रडायचा परवेश हाय त्यो. लोक हसत्याल." मग माझ्याकडं वळले. "बाई, तुमी शहरातल्या. तुमाला काय वाटतं?"

मला काय वाटतं! बावीस वर्षांची पोर मी, मला एवढंच वाटत होतं की माझा प्रवेश पडता कामा नये. मी म्हणाले, "लोक हसले तर माझं काम फुकट जाईल. मला नको." नानांच्या तोंडावर म्हणाले, तेही चांगल्या मोठ्या आवाजात. नाना "बरं" म्हणाले आणि परत दाराशी जाऊन बसले. हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते.

बापाचं काम म्हादू पैलवानाला मिळालं. दंड मांडीएवढे, मिशा कानाला टेकलेल्या, घरी चार मुली. अस्सल बाप! आणि नाना दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मला वाटलं, खोड काढायला आले असतील. मी घागर घेऊन चालायची तालीम करत होते, ते बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं पोरी, ही घागर हाय का वकिलाची ब्याग? कमरंत वाक. घागरीचं वजन मानंला लागलं पायजे." मग स्वतः घेऊन चालून दाखवली. भावकीतल्या म्हाताऱ्यासमोर पदर किती ओढायचा, मूल काखेत घेतल्यावर कुठला खांदा पडतो, चुलीपुढून उठताना हात आधी कुठं टेकतो, हे सगळं मला, जन्मानं बाई असलेलीला, नानांनी शिकवलं. मला स्टोव्ह माहीत होता, चूल नव्हती.

आणि इकडं अस्सल बाप काही केल्या डोक्यावर हात ठेवीना. पैलवान यायचा, वाक्य म्हणायचा आणि माझ्यापासून वीतभर अंतरावर हात असा धरायचा की जणू थंडीत शेकतोय. गुरुजी ओरडून दमले. शेवटी पैलवान घामाघूम होऊन म्हणाला, "गुर्जी, म्होरं माज्या सासुरवाडीची मान्सं बसनार. परक्या बाईला हात कसा लावू?" नाना मुलीचं काम करायचे तेव्हा ह्याच पैलवानानं त्यांना कवटाळून धरलं होतं, एकदा तर खांद्यावर उचलून नेलं होतं. पण आता मी होते. बाई आणली खरी, आता बाईला शिवायचं कुणी? हा विचार कमिटीतल्या कुणीच केला नव्हता. गुरुजींनी एकेकाला विचारलं. कुणाची बायको समोर बसणार, कुणाची सासू. स्वतः गुरुजी म्हणाले, मला शाळेत तोंड दाखवायचंय. नाटक दोन दिवसांवर आलं होतं.

तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "रंगू करंल की. त्येनं हात लावला तर कोन काय म्हननार हाय?"

आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नानांचा हात तो पुरुषाचा हातच नव्हे, असं ते गणित होतं. बाप दिसणार नाहीत म्हणून ज्यांना नाकारलं, त्यांनाच पुरुष नाहीत म्हणून बापाचं काम दिलं! मला वाटलं, आता हे ताडकन उठून जातील, मी गेले असते. गुरुजींनी वही पुढं केली तर म्हणाले, "नगं, पाठ हाय." पहिल्या दिवशी दाराशी बसून त्यांनी सगळं ऐकून पाठ केलं होतं.

तालमीनंतर मी त्यांना गाठलं. "नाना, काम कशासाठी दिलं ते कळलं ना?" म्हशींना पाणी दाखवत होते, वळलेही नाहीत. "न कळाया काय झालं. कशापायी दिलं त्ये त्यांचं त्येंना ठावं. करनार मी हाय."

गावात वीज आली होती, पण तिचा काही नेम नव्हता, म्हणून नाटक ऊन कलल्यावर, दिवसाउजेडी लावलं होतं. अंधारात निदान तोंडं दिसत नाहीत, इथं समोरचा माणूस न् माणूस दिसत होता. नाना धोतर, कोट, फेटा घालून आले आणि पोरांच्या घोळक्यातून शीळ आली, कुणीतरी बाईच्या नावानं हाक मारली. नानांनी आवाज जाड केला नाही, की चाल बदलली नाही. ती जी त्यांची रोजची हलकी, थोडी मुरडत जाणारी चाल होती, तीच चालत आले आणि दाराच्या उंबऱ्यावर उभे राहिले. मी पायरीशी बसलेली. गुरुजींनी इथं पानभर भाषण लिहिलं होतं, समाज वगैरे. नाना काहीच बोलेनात. मला वाटलं, विसरले. मग खाली उतरले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. जड, खरबरीत, शेण-मातीतला हात. वडील गेल्यापासून माझ्या डोक्यावर असा कुणी हात ठेवला नव्हता. म्हणाले, "भाकर खाल्लीस का?" बस, एवढंच. वहीत नव्हतं ते. मी जी रडले त्यात नाटक काही नव्हतं. समोर पैलवानाची सासू तोंडाला पदर लावून बसली होती आणि शीळ घालणारी पोरं खाली बघत होती.

ह्या गावांत प्रवेश रंगला की नाटक मध्येच थांबवून मान देतात. पुरुषपात्राला टोपी-टॉवेल, स्त्रीपात्राला खण-नारळ. ताटं आधीच लावून ठेवलेली असतात आणि नावांची यादीही. कर्ण्यावरच्यानं यादी उचलली आणि चौदा वर्षांच्या सवयीनं वाचलं, "रंगनाथ यांना कमिटीतर्फे खन-नारळ." आबा ताट घेऊन रंगमंचावर आलेसुद्धा, आणि नानांच्या फेट्याकडं बघून जागीच थबकले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, शपथेवर सांगते. पण ताटात चोळीचा खण, समोर धोतरातला बाप, आणि मघाशी गप्प झालेली पोरं पुन्हा मान वर करून टपलेली. एक जण फिस्सकन हसलासुद्धा.

नानांनी ताट घेतलं. कपाळाला लावलं. मग माझ्याकडं वळले आणि त्याच बापाच्या आवाजात म्हणाले, "लेक म्हायेराला आली. रिकाम्या वटीनं आत कशी घिऊ?" आणि खण-नारळ माझ्या पदरात घातला. बापानं ओटी भरायची रीत नाही, ते आईचं काम. पण त्या नाटकात आई मेलेली होती. सारं गाव बघत राहिलं. आबा तसेच खाली उतरले, टोपी-टॉवेल आणायचं त्यांना सुचलं नाही आणि नंतरही कुणाला सुचलं नाही.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, जत्रा नुसत्या नैवेद्यावर झाली. नंतर नाटकं पुन्हा सुरू झाली तेव्हा बापाची कामं नानांचीच ठरली. नायकाचं काम मात्र कधी मिळालं नाही. एकदा त्यांनी मागितलंही, तेव्हा मी त्यांच्या बाजूनं भांडले. आबा म्हणाले, "बाप ठीक हाय, पन नवरा? कसं दिसंल त्ये?" तिथं गाव अडलं ते अडलंच. माझ्या नातीच्या कॉलेजात हल्ली असाच वाद चाललाय, कुणी कुणाचं काम करावं आणि कुणी करू नये. ती मला विचारते, आजी, तुझं मत काय? मी तिला म्हादू पैलवानाची गोष्ट सांगते. चार मुलींचा बाप, आणि हात वीतभर लांब. मी स्वतः लग्नाआधी सात-आठ नाटकांत आई झाले, मला कुणी विचारलं नाही की बाई, तुला मूल आहे का.

आमचं येणंजाणं राहिलं. माझ्या लग्नाला नाना आले, दरवर्षी कांद्याची गोणी धाडत. फार वर्षांनी एकदा मी त्यांना म्हणाले, "नाना, त्या दिवशी मी तुम्हाला नको म्हणाले होते... चुकलं माझं." वाटलं, हसून सोडून देतील. पण म्हणाले, "तू बी पोरगीच हुतीस. पर लई लागलं हुतं मला. बाकीच्यांचं नव्हतं येवढं." मी त्यांचा हात धरून बसले. दुसरं काय करणार होते?

दहाव्याला गेले. नदीकाठी प्रवचन झालं, मग माईकवर श्रद्धांजल्या. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, एका तरुण मास्तरांनी तर कागदावर लिहून आणलं होतं. सगळे एकच सांगत होते, बाईचं काम करावं तर रंगूनानांनी. घागर घेऊन काय चालायचे, पदर काय घ्यायचे! खोटं काहीच नव्हतं त्यात. पण नाटकाच्या त्या दुपारी तिथं असलेल्यांपैकी आता फारसं कुणी उरलं नव्हतं. आबा नाहीत, गुरुजी नाहीत, पैलवान नाही. मी माईक मागणार होते, पण मागितला नाही.

मग घरी दुखवट्याचे कपडे द्यायला सोयरे, म्हणजे लेकी-सुनांकडची माणसं, रांगेनं बसले. सुभाषनं, पुतण्यानं, अग्नी दिलेला, म्हणून तो पाटावर. माझी पाळी आल्यावर मी पिशवीतून टोपी आणि टॉवेल काढला. शेजारी बसलेले भावकीतले म्हातारे माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्ये कुनाकडनं म्हनायचं? नानाला तर मूलबाळ न्हवतं."

मी सुभाषच्या डोक्यावर टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लेकीकडून. बापाच्या कामाबद्दल."