रुमालाखालचं गाणं

लातूरच्या मोंढ्यात तूर दाताखाली धरून पारखणारे पुष्कळ होते, पण गाणंही तसंच चावून पारखणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच निपजला आणि तो नेमका आमच्या आक्काच्या पदरात पडला. ते आमचे दाजी. धंदा आडतीचा, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, खांद्यावर पांढरा रुमाल आणि काखेत टेपरेकॉर्डर. मी नांदेडला नोकरीला. तिथं स्टेशनाजवळच्या दुकानात नवी कॅसेट आली की ती घेऊन एस.टी.नं लातूर गाठायचं, हे काम कुणी न सांगताच माझ्याकडे आलं होतं. मेहुणा आल्याचा आनंद दाजींना व्हायचा, नाही असं नाही, पण हात आधी माझ्या पिशवीत जायचा आणि मग "कवा आलास?" विचारलं जायचं.

ऐकण्याचे नियम कडक. अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय नवी कॅसेट लावायची नाही. एकदा बाजू सुरू झाली की संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही, सुपारीसुद्धा कातरायची नाही. आणि पहिल्या बाजूबद्दल मत पक्कं झाल्याशिवाय दुसरी बाजू लावायची नाही. हे मत पक्कं व्हायला कधी कधी महिने जात. एका सतारीच्या कॅसेटचं ते वर्षभर कौतुक करत होते. मी म्हटलं, "दाजी, दुसऱ्या बाजूची धून तर विचारूच नका." तर कानावर हात ठेवून म्हणाले, "नगंच सांगू. तिकडं अजून गेलो न्हाई मी." एका नावाजलेल्या बुवांबद्दल त्यांचं म्हणणं, "आवाज लई गोड हाय, पण गिऱ्हाईक उठून चाललं का काय, तिकडंच डोळा ठेवून गातो." गझलवाल्यांशी तर त्यांचं वाकडंच. "दर ओळीला उसासा. एवढं दुःख असल्यावर माणूस पेटी जुळवून बसंल का?"

पण ही सगळी नंतरची, ओट्यावरची बोलणी. खरा निवाडा व्हायचा तो बाजू संपल्या संपल्या, आणि तो तोंडानं नव्हे. मोंढ्यात जुनी रीत होती. मालाचा भाव चारचौघांत बोलायचा नाही. रुमालाखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून सांगायचा. दाजींनी ती रीत गाण्याला लावली. एक बोट दाबलं तर माल किडका, पुरा पंजा दाबला तर अव्वल. मग समोरच्यानंही आपला भाव तसाच द्यायचा. "गाणाऱ्यानं जीव तोडलेला असतोय," ते म्हणत, "त्याला उघड्यावर पाडून बोलायचं न्हाई."

त्याच सुमारास लातूर नवा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागं माणसं आली आणि पुण्याकडचे एक साहेब दाजींच्या माडीवर भाड्यानं राहू लागले. दाजींनी पहिल्याच रविवारी त्यांना बासरी ऐकायला बोलावलं. बाजू संपली. दाजींनी रुमाल पुढं सरकवला आणि त्याखाली साहेबांचा हात घट्ट धरला. साहेब चटका बसल्यासारखे उठले. "हे पाहा, मी घेणाऱ्यातला नाही. काय काम असेल त्याचा कचेरीत रीतसर अर्ज करा." दाजी गोंधळून गेले. "बासरीचा अर्ज?" एवढंच म्हणाले. साहेबांची समजूत काढताना आक्काचं चहाचं अख्खं आधण खर्ची पडलं. पुढं मात्र साहेब असे तयार झाले, की जेवून उठताना आपल्या बायकोलाही आमटीचा भाव रुमालाखाली सांगत म्हणे.

असं साऱ्यांचं मत दाजींना मिळालं. मिळत नव्हतं ते फक्त आक्काचं. खरं तर आमचे वडील, अण्णाही, धर्माबादच्या मोंढ्यातले. आक्का पोत्यांवर खेळत मोठी झालेली, बोटांचा भाव तिला दाजींच्या आधीपासून कळत होता. पण लग्न झाल्यापासून तिनं एक बाजू सलग ऐकली असेल तर शपथ. आलाप सुरू झाला की नेमकं दूध वर यायचं, नाहीतर दारात कुणीतरी उभं राहायचं. "मोंढ्यानं भाव केला, साहेबानं केला," दाजी मला म्हणायचे, "घरच्या धनिणीनं केला न्हाई तर माल पडूनच की रे." म्हणायचे हसून, पण त्यांना ते लागत होतं.

मग दुष्काळ पडला. विहिरी तळाला गेल्या आणि टँकरसाठी गल्लीच्या तोंडाशी रांग लागू लागली. बायका दुपारपासून घागरींशेजारी बसायच्या. जागा सोडली की नंबर गेला. ही गोष्ट दाजींच्या ध्यानात आली त्या दिवशी ते दुकानातून लवकर उठले. तांब्याभर पाण्यात अंघोळ केली, पूजा केली, मी आणलेली एका बाईंच्या ठुमऱ्यांची कॅसेट घेतली आणि टेपरेकॉर्डरसकट आक्काच्या घागरीशेजारी जाऊन बसले. अख्खी रांग हसली. मीही हसलो.

"लाज हाय का काही? घरी जावा," आक्का पदर ओढून पुटपुटली.

"बाजू तोडायची न्हाई," म्हणत दाजींनी बटण दाबलं.

ती उठून जाणार कुठं? आधी रागानं घागरीकडं बघत बसली. मग घागरीच्या काठावर तिचं बोट हळूच वाजायला लागलं. शेवटची ठुमरी चालू असताना टँकरचा भोंगा ऐकू आला, बायका उठल्या, भांडी खणखणली. दाजींनी स्वतःच बटणाकडं हात नेला. पाण्यापुढं नियम कसला? तर आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आपला नंबर लई मागं हाय."

बाजू संपली. दाजींना रुमाल पुढं करायचाही धीर होईना. आक्कानंच त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला आणि खाली हात घातला. त्या क्षणी दाजींचं तोंड असं उजळलं, की मला माझ्या हसण्याचं वाईट वाटलं. किती बोटं, म्हणून मी पुष्कळदा विचारलं. "रुमालाखालचा भाव उघड्यावर सांगत न्हाईत," एवढंच दाजींचं उत्तर.

आता घरोघर नळ आहेत. मोंढ्यातली ती रीत कधीच बंद झाली, कॅसेटी गेल्या आणि दाजींचे कानही गेले. तरी परवा मी मोबाईलमध्ये नवी गाणी भरून गेलो. दाजींनी अंघोळ केली, पूजा केली, भिंतीला टेकून बसले. आक्का शेजारी बसली, दोघांच्या हातांवर रुमाल टाकला. गाणं सुरू झालं तशी रुमालाखाली तिची बोटं हलू लागली. कुठं थांबत, कुठं घट्ट दाबत ती त्यांना ऐकवत होती आणि दाजी डोळे मिटून डोलत होते.

आतून दूध उतू गेल्याचा वास आला. मी उठू लागलो, तर आक्कानं डोळ्यांनीच दटावलं.

"बस खाली," ती म्हणाली, "बाजू चालू हाय."