सोपवायला शिकवणारे नाना

नानांसारखा आडमुठा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शहापूरच्या बाजारात, खताच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं आणि तिथे माणसं दोनच, नाना आणि मी. मी लिहिलेला कोड आवडला नाही की ते सरळ पुसून टाकत. असा संताप यायचा!

त्यांचा हट्ट एकच. कुणाच्या फोनवरून सर्व्हरकडे विनंती आली की दारातल्या कोडने ती फक्त घ्यायची आणि आत सोपवायची. खरं काम आतल्या साध्या ऑब्जेक्टनी, म्हणजे एकेक काम वाटून दिलेल्या कोडच्या तुकड्यांनी करायचं, आणि इंटरनेट नावाची चीज आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक नसावं. मी पहिल्यांदा सगळं काम दारातच उरकलं तेव्हा म्हणाले, "म्हसाच्या जत्रंत दलाल काय करतो गो? गिऱ्हाईक आणतो, गाठ घालून देतो. बैल काय तो सोता नांगराला जुंपत नाय." नाना धसईचे, शेतकऱ्याच्या घरातले. त्यांची सगळी उदाहरणं बैलापाशीच येऊन थांबत. पण मला ते पटलं.

वैताग वेगळाच होता. सोपवण्याचे धडे देणारा हा माणूस स्वतः कुणाला काडीचं काम सोपवायचा नाही. फोन तेच उचलणार, गिऱ्हाइकाकडे तेच जाणार, राउटर बंद पडला तर टेबलाखाली तेच शिरणार. सर्व्हरचा पासवर्ड फक्त त्यांच्या डोक्यात. मागितला की म्हणायचे, "तुला कशाला ताप? मी हाय ना."

मला ठाण्याला नोकरी चालून आली होती. आई मागे लागली होती. मला शहापूरलाच राहायचं होतं, पण एक तरी काम माझं म्हणून हवं होतं, आणि ते मी नानांना स्पष्ट सांगितलं. तेवढ्यात म्हसाच्या जत्रेतल्या गुरांच्या नोंदणीचं काम आलं. हे तुझं, म्हणाले. आणि जत्रेच्या दिवशी सकाळी मला न विचारता स्वतःच निघून गेले.

दुपारी नोंदणी बंद पडली. कोडमधली चूक मला इथे ऑफिसात बसून दिसत होती, चहा होईस्तोवर दुरुस्त झाली असती. पण पासवर्ड नाही, आणि नानांचा फोन पिशवीत, गर्दीत त्यांना ऐकू जाईना. तिकडे व्यापारी बैलांची दावी धरून खोळंबले. शेवटी नोंदणीवाल्यांनी कागद-पेन काढलं आणि मी इथे हात चोळत बसले.

संध्याकाळी नाना आले ते माझ्यासाठी जत्रेतली घोंगडी घेऊन. मी चूक सांगायला तोंड उघडलं, तर "ऱ्हाऊ दे, मी बघतो" म्हणून खुर्चीत बसलेसुद्धा. मी ठाण्याची नोकरी धरली. निघताना म्हणाले, "बरं झालं गो. हितं तुला उगाच तरास." एवढंही कळू नये माणसाला?

यंदा नाना गेले. नोंदणी नव्या ॲपला जोडायची होती, म्हणून जत्रेच्या नोंदणीवाल्यांनी मला बोलावलं. नानांच्या मुलीने त्यांचा लॅपटॉप उघडून दिला. सर्व्हरचा पासवर्ड नानांबरोबरच गेला होता, पण सगळा कोड त्यात होता, तो नव्या सर्व्हरवर चढवता येणार होता. आठवडा मोडेल या तयारीने बसले, पण फक्त दारातला कोड बदलावा लागला, आतल्या एकाही ऑब्जेक्टला हात लावायची गरज पडली नाही. प्रत्येकाकडे आपापलं काम, आणि नानांची कुठे लुडबुड नाही. मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त राग आला. त्या निर्जीव ऑब्जेक्टांवर टाकलात त्यातला चिमूटभर विश्वास माझ्यावर टाकला असतात ना नाना, तर मी गेलेच नसते.