‘नाही’ म्हणणारी सावली

विकत घेतलेली मुलगी मालकाच्या प्रेमात पडते, ही लव्हस्टोरी नाही. ही हरामखोरी आहे.

हे वंदनाचं वाक्य.
वंदना काल गेली. ब्रेन हॅमरेज. वय चौतीस.

मी अजून रडले नाहीये. मला फक्त राग येतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वंदना माझी डिंडोलीतली शेजारीण. दिवसभर सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात साड्यांच्या घड्या घालायची. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर कादंबरी लिहायची. किल्ले, जादूगार, ड्रॅगन. आणि गुलामांच्या बाजारात विकली गेलेली सावली नावाची मुलगी.

एका स्टोरी ॲपवर दर रविवारी चॅप्टर यायचा. आधी ती तो आईला वाचून दाखवायची, मग मला पाठवायची.

राजपुत्राने सावलीला विकत घेतलं आणि वाचक एकदम वाढले. ॲपच्या एडिटरचा फोन आला. स्पीकरवर होता, मी समोरच बसले होते.

"मॅडम, आता दोघांचा रोमान्स सुरू करा."

"तिने नाही म्हटलं तर तो काय करेल?"

"अहो, फँटसी आहे. त्या काळात असंच असायचं."

"ड्रॅगन चालतो, आणि नाही म्हणणारी मुलगी चालत नाही?"

फोन ठेवल्यावर मी काय म्हणाले माहितीये?
"लिहून टाक ना गं दोन चॅप्टर. कुणाचं काय जातंय?"

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच केलं.

मग चॅप्टर आला. भर दरबारात राजपुत्र म्हणतो, "जा, मी तुला मुक्त केलं." सगळे टाळ्या वाजवतात.

सावली विचारते, "मी तुझी होते कधी?"

आणि चालू लागते. तिच्या मागे बाकीचे गुलामही निघतात. अशा कथांमध्ये ते नुसते पंखे हलवत उभे असतात. वंदनाने एकेकाचं नाव लिहिलं होतं.

कमेंट्स वाचा जाऊन. "एवढा माज?" "बिचारा राजपुत्र."
बिचारा!

ॲपने कथा होमपेजवरून काढून टाकली.

आणि आज त्याच ॲपने तिचा फोटो टाकलाय. "रोमँटिक फँटसीची लाडकी लेखिका." शेजारी मेणबत्ती.
लाज वाटत नाही?

दुपारी तिच्या आईला ॲपवाल्यांचा फोन आला. घरात माणसं बसायला येत होती. म्हणे, दुसऱ्या लेखिकेकडून हॅपी एंडिंग लिहून घेतो, फक्त तुमची परवानगी द्या.

काकूंनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "तिले परत त्या राजाकडेच धाडतीन का?"

"हो, काकू."

त्यांनी फोन कानाला लावला.
"नही. मनी पोरनी लिखं, तेच राही."
आणि कट केला.

वंदना, त्या दिवशी मी चुकले. तुझ्या तोंडावर कबूल करायला हवं होतं. राहून गेलं.

तुझ्या कथेला कुणी हात लावणार नाही.

जड मनाने निरोप देतेय गं.