अस्वलाचं सुतक

थंडी सरत आली की फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या आमच्या बास्क डोंगरात कार्निव्हल येतो आणि गावात अस्वल निघतं. खरी अस्वलं आजोबांच्या पिढीनेच संपवली. आता माणूसच मेंढीची कातडी आणि, रीत म्हणून, एडक्याची शिंगं चढवतो. आमचं अस्वल म्हणजे एरामुन लाकूडतोड्या. त्याची साखळी धरणारा मी.

अस्वलाने बोलायचं नाही आणि एकही दार चुकवायचं नाही. दार चुकलं तर त्या घराचं वर्ष वाईट जातं. दारात घरची बाई अस्वलाला झाडूने बदडते. कातड्यात कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण ओळख कोणी दाखवत नाही. फक्त एरामुनची बायको मादालेन दरवर्षी चुकायची. झाडू उगारायची आणि ओरडायची, "मेल्या, पाय पूस आधी!" गाव हसून हसून लोळायचं.

यंदा कार्निव्हलच्या तोंडावर मादालेन गेली. एरामुन तिला माती देऊन आला आणि सरपण फोडायला बसला. डोळ्यांत टिपूस नाही. भेटायला येणाऱ्यांकडे भिंतीकडे बघावं तसा बघायचा. मला त्याचा रागच आला होता. आणि हा आतून पार विझला की काय, ही भीतीही होती.

सुतकातला माणूस कार्निव्हलला येत नाही. मी म्हटलं, "यंदा राहू दे गड्या. कातडं दुसऱ्या कोणाला देऊ."

"मी कुठे येतोय?" तो म्हणाला. "अस्वल येतंय. त्याला कसलं सुतक? आणि त्याला कोणी विचारत नाही, कसा आहेस म्हणून."

निघालो. बायकांनी बदडलं, पण हात आखडून. त्याच्या घराच्या वळणावर मी साखळी दुसरीकडे ओढली.

"चल रे. इथे कोण आहे आता?"

त्याने मलाच फरफटत दाराशी नेलं. पंजाने दार ठोठावलं. किल्ली त्याच्याच खिशात होती, कातड्याखाली. कमरेच्या घंटा वाजवत मागून येणारे घंटावाले थांबले. त्याने पुन्हा ठोठावलं. शेजारची ग्राशियाना झाडू घेऊन पुढे आली आणि अर्ध्यातच थबकली.

मग अस्वलाने खाली बघितलं. पायपुसण्यावर एक पाय पुसला, मग दुसरा. चिखल कधीच निघाला होता, तरी तो पुसतच राहिला.