खंडेनवमीला पुजलेला डबा

मुलांनो, तुमच्या आत्याने आपल्या नाचणगावच्या घरी फ्रिजवर एक डबा ठेवला आहे. डबा म्हणजे छोटा कॉम्प्युटर. काही देशांत इंटरनेटवर काय वाचावे हे सरकार ठरवते. तिथल्या लोकांना नाव-गाव न सांगता वाचता यावे म्हणून जगभरच्या हौशी मंडळींनी एक जाळे विणले आहे. त्यात शिरायचे जे चोरदरवाजे आहेत, त्यांतला एक आपल्या फ्रिजवर. या दरवाजांची यादी कुठे छापत नाहीत. ती एका मुख्य सर्व्हरकडे असते आणि मागणाऱ्याला त्यातला एखादा पत्ता हळूच मिळतो.

तो सर्व्हर सांभाळणारा गृहस्थ दमला, म्हणून त्याच्या जागी नवा सर्व्हर आला. नव्याची वही कोरी. प्रत्येक दरवाजाने सॉफ्टवेअर बदलून नव्याकडे हजेरी लावायची. नाही लावली, तर दरवाजा उघडा असून त्याचा पत्ता नव्या माणसाला मिळणार नाही. पुण्याहून आत्याचा फोन आला.

"आई, जुना सर्व्हर संध्याकाळी बंद होतोय. आणि आपला डबा मला दिसतच नाहीये गं!"

मलाही दिसेना. फ्रिजवर नुसता धुळीचा चौकोन. डबा देवघरात होता, फवारणीचा पंप, तराजू आणि विळे यांच्या रांगेत. गळ्यात झेंडूचा हार, कपाळी हळद-कुंकू, हवेच्या भोकांत अक्षता. त्या दिवशी खंडेनवमी, आणि तुमच्या आजोबांनी वायर उपटून त्याला पूजेला बसवले होते.

"अहो, काढा तो आधी!"

"काऊन? अवजार हाय ना? दसऱ्यापर्यंत हात नाई लावाचा. मी विळ्याले लावून राह्यलो का?"

"विळ्यातून कोणी बातम्या वाचत नाही. तिकडे कुणाचं तरी पान अर्ध्यात बंद पडलं असेल."

"मंग उद्या वाच म्हणा त्याले."

"उद्या नव्या माणसाला दरवाजाच सापडणार नाही! आज एस.टी.लाही हार घालतात. मग वर्ध्याची गाडी काय दसऱ्यानंतर सुटणार?"

"ते सरकारी हाय."

"आणि हे सरकारला चुकवायला आहे. म्हणजे घाई जास्त."

हे मात्र त्यांना एकदम पटले. "बरं, मास्तरीणबाई. पण हार नाई काढाचा."

नाही काढला. डबा उलटा करून अक्षता झटकल्या, तेव्हा देवीने डोळे मिटले असावेत. मग वायर आणि कीबोर्ड जोडून, आत्या फोनवर सांगेल ते मी अक्षर न् अक्षर टाइप केले. मध्येच आजोबांनी घंटा वाजवली. का, तर मदत म्हणून.

चार वाजता आत्या ओरडली, "आई, लागली हजेरी!"

तिसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन. नव्या यादीतून आपला पत्ता घेऊन कुणीतरी आत आले होते.

"कोन आलतं?" आजोबांनी विचारले.

"ते कळू नये म्हणूनच तर हा सगळा खटाटोप."

"नाव नाई, गाव नाई," आजोबा म्हणाले, "मंग पाहुन्याले चहाचं तरी कसं पुसाचं?"